नोंदणीकृत संस्था आपली, वेबसाइटचे नाव कोणाचे?

प्रश्न : कांजूरगावात आमचे छोटे वाचनालय आणि अभ्यासिका आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका उत्साही कार्यकर्त्याने वेबसाइट करून दिली. तो आता परगावी असतो. हल्ली तो पत्ता टाकला की ऑनलाइन जुगाराची जाहिरात उघडते. चौकशी केली तर ‘हे नाव आता तुमचे नाही’ असे सांगतात. आमच्या नोंदणीकृत संस्थेचे नाव दुसऱ्याचे कसे होते? आणि नवी वेबसाइट मराठी नावाने करता येईल का?
– एक वाचक, कांजूरमार्ग (पूर्व)

उत्तर : धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि इंटरनेटवरच्या नावाची नोंदणी यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिली नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली होते. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, वेगळ्याच वहीत लिहिले जाते. डॉट इन आणि डॉट भारत या नावांची वही ‘निक्सी’ ही भारतीय संस्था सांभाळते, डॉट ऑर्गची अमेरिकेतली एक ना-नफा संस्था. तिथे साधारण नियम एकच : जो आधी मागेल त्याला नाव. मागणारा तुमच्या संस्थेचा आहे का, हे सहसा कोणी तपासत नाही.

डोमेन कायमचे विकतही मिळत नाही. ते एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी मिळते आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून वाढवावे लागते. मुदतवाढीची स्मरणपत्रे नोंदणी करताना दिलेल्या ईमेलवर जातात. तुमच्या बाबतीत तो ईमेल बहुधा त्या कार्यकर्त्याचा खासगी असणार. त्याने तो बघणे सोडले, पैसे भरायचे राहिले, मुदत टळली. डॉट कॉम आणि डॉट ऑर्गसारख्या नावांना त्यानंतरही काही काळ सवलत असते. तीही संपली की 30 दिवस जास्तीचे पैसे भरून नाव सोडवता येते. तेही केले नाही, तर पुढच्या 5 दिवसांत ते मोकळे होते. अशा मोकळ्या होणाऱ्या नावांवर नजर ठेवून बसलेले लोक असतात, कारण जुन्या पत्त्यावर येणारे वाचक त्यांना फुकट मिळतात. जुगाराची जाहिरात तिथे आली ती अशी.

नाव परत मिळेल का? डॉट इनच्या बाबतीत कोणी वाईट हेतूने नाव बळकावले असेल, तर निक्सीच्या लवादाकडे तक्रार करता येते. पण नावावरचा आपला हक्क सिद्ध करावा लागतो आणि शुल्कही भरावे लागते. छोट्या वाचनालयाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवे नाव घ्या आणि पावत्या, फलक, गूगल मॅप यांवरचा जुना पत्ता आधी बदला. अभ्यासिकेतली मुले अजून त्या पत्त्यावर जात असतील, तर हे काम सर्वांत तातडीचे आहे.

नवे नाव घेताना एक फरक ध्यानात ठेवा. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, होस्टिंग म्हणजे गाळा. गाळा बदलला तरी पाटी नव्या गाळ्यावर लावता येते, फक्त ती आपल्या ताब्यात हवी. म्हणून वेबसाइट कोणीही बनवो, डोमेन संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवा. पासवर्ड किमान दोन विश्वस्तांकडे असू द्या. साध्या नावाला वर्षाला काही शे ते हजार-बाराशे रुपये पडतात. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा.

मराठी नाव जरूर घेता येईल. देवनागरीतले डॉट भारत 27 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाले. मात्र इंटरनेटची नावव्यवस्था मुळात रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ यांवर उभी आहे. त्यामुळे तुमचे देवनागरी नाव पडद्यामागे रोमन अक्षरांच्या सांकेतिक मालिकेत बदलले जाते. ब्राउझरमध्ये ते चालते, पण देवनागरी ईमेल पत्ता अनेक ऑनलाइन अर्ज अजून नाकारतात. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ चुकले की वाचक दुसरीकडेच पोचतो. तेव्हा दोन्ही नावे घ्या. रोजच्या वापराला रोमन ठेवा आणि मराठी नाव त्याच पानांकडे वळवा.

मराठीची खरी अडचण नावापेक्षा मजकुरात येते. तुमचे जुने अहवाल छापखान्यात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेले असतील. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. तो मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला की मोबाइलवर निरर्थक चिन्हे दिसतात आणि गूगलला तो सापडत नाही. युनिकोड या संकेतपद्धतीत मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, 2325, आणि तो जगभर तोच आहे. म्हणून जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि तपासा. पत्रकाचा नुसता फोटो टाकून भागत नाही. अंध वाचकाचे वाचनयंत्र त्यातले काही वाचू शकेलच असे नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा सुबक देवनागरी फाँट मोफत वापरता येतो. शेजारच्या पवईतल्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात वेबसाइट बनवण्याच्या मुक्त साधनांचे धडेही मोफत मिळतात. अभ्यासिकेतल्या एखाद्या मुलीने ते शिकून घेतले, तर बाहेर पैसे मोजायची गरज उरणार नाही.

‘देणगी द्या’ असे बटण लावण्याआधी मात्र थांबा, कारण परदेशी देणगीला वेगळा कायदा लागतो. समजा, एखाद्या विश्वस्ताच्या अमेरिकेतल्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर ठरते. मग 2010च्या परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते, दोन्ही लागतात. ते नसेल तर देणगीच्या पानावर ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ असे ठळक लिहा आणि पासपोर्टची खात्री करूनच परदेशातले पैसे घ्या.

विश्वस्तांच्या येत्या सभेत डोमेन कोणत्या कंपनीकडे, कोणत्या ईमेलवर आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे इतिवृत्तात लिहून घ्या. आणि मुदत वाढवण्याची जबाबदारी खजिनदारांकडे नावानिशी सोपवा.