गाईचं कोलेस्टेरॉल वाचताना

गोठ्यागोठ्यांवर फिरून, रक्ताचे रिपोर्ट वाचून जे कळलं ते पशुपालकांसाठी लिहितो आहे.

१. माणसाचा हिशेब गाईला लावू नका. कोलेस्टेरॉल २००च्या वर दिसलं की मालक घाबरतो. दुधाच्या भरात असलेल्या, पोटभर खाणाऱ्या गाईत ते चढतंच. खुराकात चरबी वाढवली तर आणखी चढतं, कारण आतड्यातून शोषलेली चरबी रक्तातून वाहून न्यायला ते लागतं. शिवाय गाईत त्यातलं बहुतेक एचडीएलमध्ये, म्हणजे माणसात ‘चांगलं’ म्हणतात त्या कोलेस्टेरॉलमध्ये असतं.

२. मला धास्ती असते ती कमी आकड्याची. विण्याच्या सुमारास कोलेस्टेरॉल तळाला जातं. पुढच्या काही आठवड्यांत ते वर आलं नाही, तर गाय नीट खात नाही किंवा यकृत थकलेलं आहे. दूध जास्त आणि खाणं कमी असलं की अंगावरची चरबी वितळून यकृतात साठते. गाईचं यकृत ती बाहेर पाठवण्यात मुळातच संथ. म्हणून विण्याआधी गाय लठ्ठ होऊ देऊ नका.

३. तेल पाजणं वेगळं, बायपास फॅट वेगळं. डेअरीत फॅट लागावं म्हणून तेल पाजतात आणि फॅट उलट उतरतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. सरकी-सोयाबीनच्या तेलात साधारण निम्मं लिनोलिक आम्ल. कोठीपोटातले जिवाणू त्याला हायड्रोजन जोडून बहुतेक संपृक्त करून टाकतात. तेल जास्त झालं की वैरण पचवणारे जिवाणूच मार खातात. आहाराच्या सुक्या भागात एकूण चरबी ६-७ टक्क्यांपुढे नको. बायपास फॅटमध्ये बहुधा पाम तेलातली स्निग्ध आम्लं कॅल्शियमशी बांधलेली असतात. ती कोठीपोटात फारशी विरघळत नाहीत, चौथ्या पोटातल्या आम्लात सुटतात. रोज १०० ते २०० ग्रॅम पुरतं. पण वैरण अपुरी असेल तर त्यावर पैसे घालू नका.

४. गाईंसोबत कोंबड्याही पाळत असाल तर त्यांचा हिशेब वेगळा. कोंबडीला कोठीपोट नाही, म्हणून दिलेलं तेल थेट अंगी लागतं. जवस दिलं तर अंड्यात ओमेगा-३ वाढतं. अंड्यावरच्या कोंबडीचं सीरम दुधाळ दिसलं तरी तो आजार नव्हे. बलकासाठी यकृत चरबी पाठवत असतं.

५. रक्ताचा नमुना पाठवताना गाय कधी व्याली ती तारीख आणि सध्याचा खुराक चिठ्ठीवर जरूर लिहा. त्याशिवाय आकड्याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही.