सेनेंतील ज्येष्ठतेचा वाद

वर्गांत कोणीं कोणाच्या वर बसावें, ह्यावरून मुलांत रुसवेफुगवे होतात. आणि लग्नाच्या पंक्तींत मानाच्या पाटावरून मोठीं माणसेंही भांडतात. अशा वेळीं मानपानाचा हट्ट ही पोरबुद्धि आहे, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु सैन्यांत ही गोष्ट इतकी क्षुल्लक नाहीं. लढाई चालली असतां सेनापति पडला, तर त्याच क्षणीं हुकूम कोणीं द्यावयाचा, हें आधींच ठरलेलें असावें लागतें. तें ठरतें सनदेवरील तारखेनें. एकाच दर्जाच्या दोघांपैकीं ज्याची सनद आधींची, तो वरिष्ठ. नियम सोपा आहे. पण सैन्यच नवें असेल आणि तें अनेक प्रांतांनीं मिळून उभारलें असेल, तर कोणती तारीख धरावयाची? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत (१७७५–१७८३) हा प्रश्न पुनःपुनः उठला. त्याचा निकाल कसकसा लागला, तें आम्ही येथें पाहूं.

१७७५ च्या जून महिन्यांत फिलाडेल्फिया येथें वसाहतींच्या प्रतिनिधिसभेनें, म्हणजे त्यांच्या काँग्रेसनें, जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांस सरसेनापति नेमिलें व त्यांच्या हाताखालील जनरल निवडले. ह्यांपैकीं कित्येकांचा क्रम आपापल्या वसाहतीच्या फौजेंत पूर्वींच ठरलेला होता; काँग्रेसनें तो पाळिला नाहीं. कनेक्टिकटच्या फौजेंत स्पेन्सर हे पटनम ह्यांच्या वर होते. काँग्रेसनें पटनम ह्यांस मेजर जनरल केलें व स्पेन्सर ह्यांस त्यांच्या खालीं ब्रिगेडियर जनरल केलें. स्पेन्सर रागानें छावणी सोडून गेले. पुढें ते परत आले. मॅसॅच्युसेट्सचे जॉन थॉमस हे आपल्या वसाहतींत पोमरॉय व हीथ ह्यांचे वरिष्ठ. परंतु नव्या यादींत त्यांचें नांव ह्या दोघांच्याही खालीं लागलें.

थॉमस सेवा सोडतात कीं काय, अशी भीति उत्पन्न झाली. तेव्हां २३ जुलै १७७५ रोजीं वॉशिंग्टन ह्यांनीं त्यांस पत्र लिहिलें. राज्यविस्तारासाठीं होणाऱ्या युद्धांत शिपायानें आपल्या दर्जाचा आग्रह धरिला, तर त्यांत वावगें नाहीं. परंतु जेथें प्राणप्रिय अशा सर्व गोष्टींचें रक्षण करावयाचें आहे, तेथें देशसेवा घडेल ती प्रत्येक जागा मानाचीच, असा त्या पत्राचा आशय होता. काँग्रेसनेंही विलंब केला नाहीं. पोमरॉय ह्यांची पहिली जागा थॉमस ह्यांस द्यावी, असा ठराव १९ जुलै रोजींच झाला होता. थॉमस राहिले. १७७६ च्या मार्च महिन्यांत डॉर्चेस्टरच्या टेकड्या एका रात्रींत काबीज करून तटबंदी करणारे सैन्य त्यांच्याच हाताखालीं होतें. आणि त्यामुळें १७ मार्च रोजीं इंग्रज फौजेस बोस्टन शहर सोडावें लागलें. पुढें २ जून रोजीं कॅनडाच्या मोहिमेंत देवीच्या रोगानें त्यांचा अंत झाला.

आतां दुसरें उदाहरण पाहा. १९ फेब्रुवारी १७७७ रोजीं काँग्रेसनें पांच अधिकाऱ्यांस मेजर जनरल केलें. हे पांचही जण बेनेडिक्ट आर्नोल्ड ह्याच्याहून कनिष्ठ होते. आर्नोल्डला मात्र वगळलें. बढती देतांना ज्येष्ठता, गुण आणि त्या त्या प्रांतानें पुरविलेलें सैन्य, ह्या तिन्ही गोष्टी पाहाव्या, असा त्या वेळचा ठराव होता. कनेक्टिकटचे दोन मेजर जनरल पूर्वींच होते, म्हणून तेथील आर्नोल्ड मागें राहिला. मापें तीन असलीं, म्हणजे मोजणाऱ्यास हवें तें माप हातीं धरतां येतें! मे महिन्यांत त्यास बढती मिळाली, पण त्या पांचांच्या खालीं. साराटोगाच्या रणांत पाय जायबंदी झाल्यावर, २९ नोव्हेंबर रोजीं, त्याची ज्येष्ठता परत देण्याचा ठराव झाला. ह्यांत नऊ महिने गेले. १७८० मध्यें हाच आर्नोल्ड वेस्ट पॉइंटचा किल्ला शत्रूस देण्याच्या कटांत सांपडला. त्यास कर्ज, लोभ इत्यादि दुसरींही कारणें होतीं. आणि कोणताही अपमान देशद्रोहाचें समर्थन होऊं शकत नाहीं.

असले तंटे व्यक्तीगणिक मिटविणें कठीण, हें पाहून २४ नोव्हेंबर १७७८ रोजीं काँग्रेसनें कर्नल व त्याखालील अधिकाऱ्यांकरितां सामान्य नियम केला. १७७६ च्या शेवटीं नव्या पलटणी उभारतांना निरनिराळ्या प्रांतांनीं निरनिराळ्या दिवशीं नेमणुका केल्या होत्या. ज्यानें घाई केली त्याचे अधिकारी वरिष्ठ ठरत. म्हणून त्या सर्वांच्या सनदा १ जानेवारी १७७७ च्याच समजाव्या, आणि त्यांचा आपसांतील क्रम १६ सप्टेंबर १७७६ पूर्वींच्या दर्जावरून लावावा, असें ठरलें. प्रांताच्या अंतर्गत क्रमास मात्र हात लाविला नाहीं. ह्या नियमांत कोणाचेंही नांव नव्हतें, हाच त्याचा मोठा गुण.

ह्यावरून आम्हांस दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानें थॉमसप्रमाणें कामावरून हात काढूं नये, ही एक. दुसरी आम्हां शिक्षकांस व आईबापांस अधिक लागू आहे. सोसण्याचा उपदेश करणाऱ्यानें चूक सुधारण्याचीही त्वरा केली पाहिजे, आणि निवाड्याचें माप निवाड्यापूर्वींच सर्वांस सांगितलें पाहिजे. थॉमसला उपदेशाबरोबर न्यायही मिळाला, हें विसरूं नये.