नेट अडतंय ना? आधी पंगत नीट लाव

अगं, वडीगोद्रीत बसून ऑनलाइन शिकवणी घ्यायची म्हणजे पोरांपेक्षा नेटचाच धाक जास्त, ठाऊक आहे मला. पण आवाज तुटला म्हणून लगेच महागडा प्लॅन घेऊ नकोस हं. खरं सांगू का, पुष्कळ घरांत नेट पुरेसं असतं, त्याला वळण नसतं.

बघ, तुझ्या आवाजाला सेकंदाला शंभरेक किलोबिट पुरतात, पण ते वेळेवर मिळायला हवेत. बोललेलं 150 मिलिसेकंदांत पलीकडे पोचावं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं माप आहे. दिराचा सिनेमा पाच मिनिटं उशिरा उतरला तर कुणाचं काय बिघडतं? लग्नाच्या पंगतीत स्वयंपाक तेवढाच असतो, पण लेकरांना आधी वाढतो ना, तसंच हे. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ सापडलं तर तुझ्या लॅपटॉपला पहिला नंबर दे. तासाच्या वेळी सगळ्यांच्या फोनचा फोटो-बॅकअप बंद ठेवायला सांग. सासूबाईंनाही सांग, गोड बोलून.

आता सिग्नलच्या वाटेचं. राऊटर लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याला चिकटून ठेवू नकोस. मी तो फ्रिजवर ठेवून पुढे स्टीलचे डबे रचले होते, हसू नकोस! भिंती मध्ये असतील तर 2.4 गिगाहर्ट्झ जास्त लांब पोचतं. राऊटरच्याच खोलीत बसणार असशील तर 5 घे, वेग जास्त मिळतो. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पालघरच्या सात गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून नेट नेलं, तेही 2.4 लांब पोचतं त्याच कारणानं: कमी वारंवारतेच्या लहरी झाडांतून बऱ्या जातात.

रिपीटर घेतलास तर जिथे रेंजच नाही त्या खोलीत लावू नकोस, अर्ध्या वाटेवर लाव. रेंज नसलेल्या खोलीत त्याला स्वतःलाच काही मिळत नसेल तर तो पुढे काय देणार, कपाळ? शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. दोनतीन नोडचं, म्हणजे एकमेकांना नेट पुढे देणाऱ्या डब्यांचं मेश असेल तर थेट वाटच चांगली असं समजू नकोस. 2003 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी हेच दाखवलं: कमी टप्प्यांच्या कच्च्या वाटेवर पुन्हापुन्हा पाठवावं लागतं, त्यापेक्षा एक टप्पा वाढलेला पण पक्का मार्ग परवडतो. आणि लॅपटॉप एका जागी असेल तर सरळ केबल ओढ. शंभर मीटरपर्यंत ती कुरकुर करत नाही.

एवढं करूनही संध्याकाळी अडलं, तर गर्दी बहुधा कंपनीच्या टॉवरवर आहे, तुझ्या घरात नाही. तिथे आपली सेटिंग चालत नाही गं. मग तास सकाळी घे किंवा कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर शिकव. घाबरू नकोस, तुला जमेल. आज फक्त राऊटरची जागा बदल, बाकीचं उद्या.