सामाजिक प्रगतीचे मोजमाप : एक विचार

समाज किती आधुनिक झाला, हे ठरविण्यासाठी अभ्यासक साक्षरता, आयुर्मान, नागरीकरण, मतदान अशा निर्देशकांचा आधार घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक मांडला आणि उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण यांनाही स्थान दिले. तथापि माप बदलले की प्रदेशांचा क्रमही बदलतो, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. जनगणनेनुसार राज्याची साक्षरता १९९१ मध्ये सुमारे ६५ टक्के, २००१ मध्ये ७७ टक्के व २०११ मध्ये ८२ टक्के होती. याच काळात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ९४६ वरून ९१३ आणि पुढे ८९४ वर घसरली. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा राज्याने १९८८ मध्येच केला होता. तरीही नवे यंत्र जुन्या पुत्रमोहाच्या सेवेस जुंपले गेले.

जिल्ह्यांची तुलना अधिक बोलकी आहे. २०११ मध्ये बीडची साक्षरता सुमारे ७७ टक्के, तर गडचिरोलीची ७४ टक्के होती. पण हजार मुलांमागे मुली बीडमध्ये सुमारे ८०७ आणि मागास समजल्या जाणाऱ्या गडचिरोलीत सुमारे ९६१ होत्या. मग पुढारलेला जिल्हा कोणता?

राजकीय क्षेत्रातही हाच प्रश्न उभा राहतो. १९५१-५२ च्या निवडणुकीत मालमत्ता वा शिक्षणाची अट न राहता प्रत्येक प्रौढास मताधिकार मिळाला. १९९२ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. जागा मोजता येतात. सभेत निर्णय कोण घेते, हे मात्र तक्त्यात उमटत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच धोका सांगितला होता : राजकारणात समता येईल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. त्यापूर्वी, १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत, समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे ते म्हणाले होते. तथागतांनीही ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे कालामांना सांगितले.

शाळेच्या निकालाची टक्केवारी आम्ही अभिमानाने नोंदवितो. माजी विद्यार्थी व पालकांनी तिच्याशेजारी आणखी काही नोंदी ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे : आपल्या वस्तीत किती मुली दहावीनंतर शिकतात, किती विवाह हुंड्याविना होतात, ग्रामसभेत किती स्त्रिया बोलतात. दर दहा वर्षांनी या नोंदी ताडून पाहिल्यास आपण खरोखर किती पुढे आलो, हे आपले आपणांसच कळेल.