अवजारे व सुटे भाग यांची खणवार मांडणी

पेरणीचे काम निकडीचे असते. मांजरा व गोदावरी यांच्या खोऱ्यांतील काळी, भारी जमीन पाऊस होताच चिकट बनते. ती वाफशावर आली म्हणजे पेरणीस मोजकेच दिवस मिळतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर सोयाबीन पेरावे व ही पेरणी जुलैच्या मध्यापर्यंत उरकावी, अशी शिफारस आहे. अशा वेळी पेरणी यंत्राचा एखादा बोल्ट तुटला आणि घरात असूनही दुसरा सापडला नाही, तर तालुक्याच्या गावी जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो. तेवढ्यात पाऊस पुन्हा लागला तर वाफसा हातचा जातो.

पूर्वी तिफण, वखर व कोळपे ही मुख्यतः लाकडी असत. गावचा सुतार व लोहार बलुत्यावर त्यांची दुरुस्ती करून देत. शेतकऱ्यास सुटे भाग साठवावे लागत नसत. आता औसा, निलंगा, कंधार, मुखेड अशा तालुक्यांच्या गावोगावी पेरणी यंत्र, फवारणी पंप, मळणी यंत्र व विहिरीवरील मोटार ही साधने आली आहेत. त्यांचे नट, बोल्ट, वॉशर व बेअरिंग घरोघर जमतात. परंतु ते बहुधा एकाच पत्र्याच्या डब्यात मिसळलेले असतात. वस्तू असणे व ती वेळेवर हाती लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कपाट व खण

कोरड्या जागी, ओलसर भिंतीपासून थोडे दूर, लाकडी कपाट ठेवावे. विकत घेणे शक्य नसल्यास खोक्यांच्या फळ्यांपासून गावच्या सुताराकडून ते करून घ्यावे. वरचे खण उथळ असावेत व त्यांत पाने, पक्कड, पेचकस, कानस ही हत्यारे एकाच थरात मांडावीत. एकावर एक हत्यार पडले की खालचे विसरले जाते. मधल्या खणांत पट्ट्या ठोकून कप्पे करावेत व नट-बोल्ट ठेवावेत. हातोडा, छिन्नी, वखराची पास अशा जड वस्तू सर्वांत खाली ठेवाव्यात.

बोल्टांची निवड

बोल्ट प्रथम जाडीप्रमाणे व नंतर लांबीप्रमाणे वेगळे करावेत. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास सामान्यतः १३ नंबरचा पाना लागतो, तर १० मिलिमीटरच्या बोल्टास १६ किंवा १७ नंबरचा. पान्याचा हा आकडा कप्प्यावर लिहून ठेवावा.

जुन्या यंत्रांतील इंची बोल्ट मात्र स्वतंत्र ठेवावेत. ५/१६ इंचाचा व ८ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांस सारखेच दिसतात, परंतु त्यांचे आटे भिन्न असतात. एकाचा नट दुसऱ्यावर जोराने फिरविल्यास आटे मरतात व दोन्ही वाया जातात.

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी सोपी युक्ती अशी, की खणात जो बोल्ट असेल तोच एक नमुना म्हणून खणाच्या दर्शनी बाजूस तारेने बांधावा. त्यामुळे घरातील कोणासही खण न उघडता वस्तू ओळखता येते.

इतर भागांची काळजी

१. बेअरिंग वेष्टनातच ठेवावे. धूळ शिरल्यास ते लवकर झिजते. त्यावरील क्रमांक वहीत लिहावा. उदाहरणार्थ, ६२०४ क्रमांकाचे आतील भोक २० मिलिमीटरचे व ६२०५ चे २५ मिलिमीटरचे असते.

२. मळणी यंत्राचा पट्टा खणात दुमडून कोंबू नये. रुंद खुंटीवर, उन्हापासून दूर टांगावा.

३. फवारणी पंपाचे रबरी वॉशर तेल-ग्रीसपासून दूर ठेवावेत. तेलाने रबर फुगते.

४. लोखंडी हत्यारांस चिकटलेली माती ओल धरून ठेवते व गंज चढतो. म्हणून ती धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा हात फिरवूनच खणात ठेवावीत.

५. कीटकनाशके या कपाटात मुळीच ठेवू नयेत.

तपासणीची वेळ

वर्षातून दोनदा सर्व खण रिकामे करून तपासावेत. पहिली तपासणी मृग नक्षत्रापूर्वी करावी व पेरणी यंत्राचे भाग पाहावेत. दुसरी खंडेनवमीस करावी. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतोच. त्याच सुमारास सोयाबीनची मळणीही येते. पूजेपूर्वी हत्यारे पुसताना मळणी यंत्राचे सुटे भाग मोजावेत व जे संपले असेल त्याची यादी करून बाजारच्या दिवशी आणावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एका शेतकऱ्याच्या घरी ही मांडणी करून दाखवावी व शेजाऱ्यांस तेथे बोलवावे. मग कोणासही एखादा बोल्ट काढून आणावयास सांगावे. तो क्षणात सापडला, तर अधिक उपदेशाची गरज उरणार नाही. एका दुपारचे हे काम पेरणीचा एक दिवस वाचवील, आणि कोरडवाहू शेतीत त्या एका दिवसाचे मोल फार मोठे आहे.