उत्तेजन : एका शब्दाचा विचार

विद्यार्थीमित्रहो, बक्षीससमारंभांत 'उत्तेजनार्थ' हा शब्द आपण दरवर्षीं ऐकतां. ज्याचा पहिला-दुसरा क्रमांक हुकला, त्यास तो थोडा कडूच लागतो. परंतु शब्दाचा मूळ अर्थ कळल्यास हा कडूपणा कमी होईल.

संस्कृतांत 'तिज्' या धातूचा अर्थ धार लावणें असा आहे. 'तेज' व 'तीक्ष्ण' हे शब्द त्याच धातूपासून झाले. तेव्हां उत्तेजन म्हणजे मुळांत पाजविणें. इंग्रजींतील 'स्टिम्युलेशन' हा शब्द लॅटिन 'स्टिम्युलस' यापासून निघाला. त्याचा अर्थ बैल हांकण्याची पराणी. एका शब्दांत धारेचा दगड आहे, दुसऱ्यांत टोंचणारी काठी. परंतु दगड पोलाद निर्माण करीत नाहीं व पराणी बैलास बळ देत नाहीं. जें अंगीं आहे तेंच उत्तेजनानें जागें होतें.

व्यवहारांत या शब्दाचीं रूपें अनेक आहेत. वसंत व्याख्यानमाला चालविणारी पुण्याची वक्तृत्वोत्तेजक सभा प्रसिद्धच आहे. येथें अर्थ प्रोत्साहन असा. जमाव खवळतो ती मात्र 'उत्तेजना'. लाजाळूस बोट लागतांच पानें मिटतात. असा बाह्य स्पर्श व वनस्पतीचें प्रत्युत्तर यांचा अभ्यास जगदीशचंद्र बसू (१८५८-१९३७) यांनीं केला. चहा हें उत्तेजक पेय. जागरणानें मेंदूंत ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचून झोंप येऊं लागते. चहांतील कॅफीन त्याची जागा अडवितें. थकवा जात नाहीं, केवळ झांकला जातो. परीक्षेच्या आदल्या रात्रीं चहावर जागणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पालकांसही एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका हुशार मुलास मी वर्गासमोर थोरल्या भावाचें उदाहरण देऊन टोंचून बोललों. हेतु उत्तेजनाचा होता. पण त्या दिवसापासून त्यानें हात वर करणेंच सोडलें. पुढें त्याच्या निबंधांतील एका वाक्याशेजारीं 'हें उत्तम साधलें' एवढेंच मीं लिहिलें. पुढच्या आठवड्यांत त्यानें दोन पानें अधिक लिहून आणिलीं. फार घासलें तर सुरीही झिजते, हें मी त्या मुलापासून शिकलों.

म्हणून ज्यांस यंदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालें, त्यांनीं खिन्न होऊं नये. परीक्षकांस तुमच्यांत पोलाद दिसलें, म्हणूनच त्यांनीं धार लावण्याचे श्रम घेतले.