जुनी गाडी आणि इंजिनचे ऑइल

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. जुनी गाडी टिकते ती निगेवर. आपल्या उदगीरलाही जुन्या गाडीवर पोट भरणारे आहेत. गाडी निळा धूर सोडू लागली की दाट ऑइल घालण्याचा सल्ला मिळतो. २०डब्ल्यू-४० मधील पहिला आकडा थंड इंजिनातला, दुसरा तापलेल्या इंजिनातला दाटपणा दाखवतो. दाट ऑइलने धूर कमी दिसेल. झिजलेल्या रिंगा मात्र भरून येत नाहीत. उलट सकाळी गाडी सुरू करताना असे ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते आणि झीज वाढते. तेव्हा कंपनीने सांगितलेलेच ऑइल घालावे, पट्टी वरचेवर पाहावी, ऑइल व फिल्टर वेळेवर बदलावे. नाहीतर इंजिनचे काम निघते, आणि तितके दिवस घरची कमाई थांबते.